दहा नाण्यांतून १०२३ नाणी: हाफस्पेस, पॉलिटोप आणि थोडक्यात भागवलेली यादृच्छिकता

अनुपमा_स

मी पदवीच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवते. सेंट्रल लिमिट थिअरमच्या (पुष्कळ छोट्या स्वतंत्र आकड्यांच्या बेरजेला घंटेचा आकार येतो, हे प्रमेय) आधी दरवर्षी वर्गात एक प्रयोग करते, आणि आजचा धागा त्यातूनच निघाला आहे.

दहा मुलांना पुढे बोलवायचं. प्रत्येकाने एक नाणं उडवायचं, छापा म्हणजे +१, काटा म्हणजे −१. मग या दहा मुलांचे जितके गट पडतील तितके पाडायचे. रिकामा गट सोडला तर १०२३ होतात. प्रत्येक गटातल्या आकड्यांचा गुणाकार केला की आपल्याकडे १०२३ ‘नवी नाणी’ आली. यातलं कुठलंही एक नाणं घ्या, ते निम्म्या वेळा +१ येतं. कुठलीही दोन घ्या, एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. सगळ्यांच्या बेरजेची सरासरी शून्य आणि व्हेरियन्स (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) १०२३. खरोखरची १०२३ नाणी उडवली असती तरी नेमके हेच आकडे आले असते.

आता मुलांना विचारायचं, बेरीज शून्याच्या वर जायची शक्यता किती? सगळे म्हणतात, निम्मी. पण कागदावर करून बघा. दहाच्या दहा छापे पडले तर बेरीज १०२३ येते. एकही काटा पडला की बेरीज −१. दरवेळी −१, तिसरा पर्यायच नाही. (प्रत्येक मुलाच्या आकड्यात १ मिळवून दहांचा गुणाकार करा आणि त्यातून १ वजा करा, हीच ती बेरीज. एक जरी काटा असला तरी गुणाकार शून्य होतो.) म्हणजे ‘बहुमत छाप्याकडे’ ही घटना निम्म्या वेळा नाही, १०२४ वेळांत एकदा घडते.

तिथे मुलं गप्प होतात. सरासरी जुळली, व्हेरियन्स जुळला, तरी बहुमत पार चुकलं. मग नेमकं काय जुळायला हवं? नाणी किती ‘खरी’ असली म्हणजे बहुमत फसेल, म्हणजे खऱ्या नाण्यांपासूनचा फरक त्याला कळणार नाही?

संगणकशास्त्रात या प्रश्नाला हाफस्पेस फसवण्याचा प्रश्न म्हणतात. एन नाण्यांना वजनं द्या, वजनासकट बेरीज करा, ती एका मर्यादेच्या वर आहे की खाली ते पाहा. झाली हाफस्पेस. बहुमत हा तिचा सगळ्यात साधा नमुना. अशा पुष्कळ अटी एकाच वेळी घातल्या की पॉलिटोप तयार होतो. हिऱ्याला पैलू पाडतात तसं, प्रत्येक अट अवकाशाचा एक तुकडा कापून टाकते आणि उरतो तो पॉलिटोप.

२००९ मध्ये डायकोनिकोलास, गोपालन, जैस्वाल, सर्व्हेडिओ आणि व्हिओला या पाच जणांनी दाखवलं की दोनऐवजी ‘कुठलीही के नाणी परस्परांपासून स्वतंत्र’ अशी अट ठेवली तर प्रत्येक हाफस्पेस फसते. चूक एप्सिलॉनपर्यंत चालणार असेल तर के साधारण १ भागिले एप्सिलॉनचा वर्ग इतका, वर लॉगच्या वर्गाचा गुणक. मला थक्क करणारी गोष्ट अशी की या के मध्ये एन कुठेच नाही. नाणी हजार असोत की अब्ज, तेवढाच के पुरतो. दोनवर सगळं कोसळतं आणि एका ठरावीक आकड्यापुढे सगळं सावरतं, नाणी कितीही वाढवा.

हे का घडतं त्याच्या मुळाशी इन्व्हेरियन्स प्रिन्सिपल आहे. १९२२ मध्ये फिनलंडच्या लिंडेबर्ग यांनी सेंट्रल लिमिट थिअरमची एक सिद्धता दिली. बेरजेतलं एक नाणं काढायचं, त्याच्या जागी घंटेच्या वक्रातून आलेला, म्हणजे गॉसियन, आकडा ठेवायचा. मग दुसरं, मग तिसरं. दोघांची सरासरी आणि व्हेरियन्स सारखे असल्यामुळे एका अदलाबदलीत नुकसान होतं ते फक्त वजनाच्या घनाइतकं. सगळी वजनं सारखी असतील आणि त्यांच्या वर्गांची बेरीज १ असेल, तर एकेक वजन १ भागिले √एन. दहा हजार नाणी घेतली तर एकेक वजन ०.०१, त्याचा घन दहा लाखांत एक, आणि अशा दहा हजार अदलाबदली. एकूण चूक १ टक्का. नाण्यांचं जग आणि घंटेचं जग यांत फरक उरला नाही, म्हणून ‘इन्व्हेरियन्स’.

आणि या सिद्धतेत नाण्यांचा खरेपणा पूर्ण वापरलेलाच नाही! वापरले ते काही मोजके मोमेंट, म्हणजे सरासरी, व्हेरियन्स यांसारखे आकडे. मग तेवढेच मोमेंट खरे ठेवून बाकीची यादृच्छिकता वाचवता येईल, हा पुढचा सगळा प्रवास. पॉलिटोपबद्दल प्रतिसादांत लिहीन, कारण माझ्या मते खरी गंमत तिथे आहे.

सह्यकडा

ताई, प्रयोग घरी तीन नाण्यांवर करून पाहिला. दोन उडवली, तिसरं त्यांचा गुणाकार. बहुमत छाप्याचं फक्त चारांत एकदा येतं. निम्म्या वेळा यायला हवं होतं. पटलं.

पण याचा उपयोग कुठे? संगणकाला रँडम आकडे मागितले की तो देतोच.

अनुपमा_स

सह्यकडा, देतो खरा, पण ते पुरेसे चांगले आहेत हे आपण धरून चालतो, सिद्ध केलेलं नसतं. इथे सिद्धता आहे.

उपयोगाचं उदाहरण देते. टेम्पोत भरायला ४० पोती आहेत, प्रत्येकाचं वजन वेगळं, टेम्पोची मर्यादा ठरलेली. मर्यादेत बसतील अशा किती निवडी? एकूण निवडी २ चा ४० वा घात, म्हणजे जवळपास १.१ लाख कोटी. एकेक मोजत बसणं शक्य नाही, आणि अचूक मोजणी हा प्रश्न सर्वसाधारणपणे अवघड वर्गातला मानला जातो. रँडम नमुना घेऊन अंदाज बांधता येतो, पण नशीब खराब असेल तर तो चुकतो.

आता समजा आपल्याकडे असा जनरेटर आहे की तो थोड्याशा खऱ्या बिट्समधून (यालाच सीड म्हणतात) ४० नाणी बनवतो आणि हाफस्पेसला फरक कळत नाही. मग सगळी सीड एकेक करून चालवायची आणि किती वेळा निवड मर्यादेत बसली ते मोजायचं. सीडची लांबी लॉग एनच्या पटीत असेल तर सगळी सीड मिळून एनचा एखादा घात, म्हणजे संगणकाच्या आवाक्यात. नशिबाचा भाग संपला. एकूण निवडींपैकी किती टक्के बसतात याचा खात्रीचा अंदाज मिळाला. टेम्पोला वजनासोबत जागेचीही मर्यादा घातली, वर मालाच्या किमतीची, की हाफस्पेसचा पॉलिटोप झाला.

दत्ताकाका

अनुपमाताई, मी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात आयुष्य काढलं, गणित तुमच्याइतकं नाही. पण एक शंका आहे. सहकारी संस्थेत एका सभासदाला एकच मत, शेअर कितीही असोत. कंपनीत मात्र शेअर तितकी मतं. एकाच माणसाकडे ५१ टक्के असतील तर बाकीचे हजार लोक काय करतात याला अर्थच नाही. तिथे तुमची ती घंटा कशी येईल?

अनुपमा_स

काका, तुम्ही नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. तिथे घंटा येतच नाही. वर्गांची बेरीज १ असताना कुठलंही एक वजन फार मोठं नसेल तर त्या हाफस्पेसला ‘रेग्युलर’ म्हणतात. तुमची सहकारी संस्था रेग्युलर, ५१ टक्केवाली कंपनी नाही. लिंडेबर्गची अदलाबदल फक्त पहिलीत चालते.

आणखी एक उदाहरण: वजनं १/२, १/४, १/८ अशी निम्मी निम्मी होत गेली तर बेरीज −१ ते १ मध्ये सपाट पसरते. घंटेचं नावनिशाण नाही.

विदिशा_के

ताई, धागा फार आवडला. मी याच विषयात पीएचडी करते आहे, म्हणून एक दुरुस्ती सुचवते. दहा हजार नाण्यांना १ टक्का चूक हे गणित ‘मऊ’ फलनासाठी खरं आहे. हाफस्पेसची कड धारदार असते, एका बाजूला ०, दुसऱ्या बाजूला १. अदलाबदल चालवायला आधी कड घासून मऊ करावी लागते, आणि कडेजवळ जे बिंदू सापडतात तेवढी जादा चूक पदरात पडते. लिंडेबर्गच्या पद्धतीने सरळ हिशेब केला तर चूक एनच्या आठव्या मुळाच्या उलट येते, जी फारच ढोबळ आहे. १ भागिले √एन हा नेमका दर बेरी (१९४१) आणि एसीन (१९४२) यांनी दुसऱ्या वाटेने मिळवला. तो दर सुधारतही नाही. १०० नाण्यांत बरोबर ५० छापे पडायची शक्यता ७.९६ टक्के आहे, म्हणजे बेरजेच्या आलेखात तेवढी उंच पायरी आहेच, गुळगुळीत वक्र ती झाकू शकत नाही. ५५ किंवा जास्त छाप्यांची खरी शक्यता १८.४१ टक्के, आणि घंटेच्या वक्रावरून थेट काढली तर १५.८७.

दत्ताकाकांच्या प्रश्नाचं उत्तर ‘क्रिटिकल इंडेक्स’ या कल्पनेत आहे, ती सर्व्हेडिओंची. भागधारक मोठ्याकडून छोट्याकडे ओळीने उभे करा. एकेक मोठा बाजूला काढत जा आणि दरवेळी विचारा, उरलेले आपापसात आता सहकारी संस्थेसारखे आहेत का? थोडेच काढल्यावर ‘हो’ आलं, तर त्या थोड्यांची मतं आधी ठरवून टाका आणि शेपटीवर घंटा वापरा. फार वेळ ‘नाही’च येत राहिलं, तर याचा अर्थ वजनं भराभर घसरत आहेत, आणि पहिले काही भागधारकच निकाल ठरवतात. दोन्हीकडून सुटका होते.

दत्ताकाका

वा! हे समजलं. मोठे वेगळे काढायचे किंवा मोठ्यांवरच सोडायचं. आता पैलूंचं सांगा.

अनुपमा_स

विदिशा, दुरुस्तीबद्दल मनापासून आभार. मऊ कडेची बाब मी गाळली होती, आणि पॉलिटोपमध्ये सगळा प्रश्न तिच्यावरच येऊन थांबतो. तेव्हा काका, आता पैलू.

समजा १००० अटी आहेत. एकेका अटीत चूक थोडी आहे. साधा विचार म्हणजे चुकांची बेरीज करायची, हजार पट. पण एका अटीत १ टक्का चूक असली तरी हजार पट म्हणजे १००० टक्के, आणि शक्यता तर शंभरच्या वर जात नाही. अंदाजाला काही अर्थ उरला नाही. २०१० पर्यंत माहीत असलेली इन्व्हेरियन्सची सगळी बंधनं अशीच होती, चूक किमान पैलूंच्या संख्येच्या पटीत.

२०१० मध्ये प्रल्हाद हर्षा, ॲडम क्लिव्हन्स आणि रघू मेका यांनी पॉलिटोपसाठी इन्व्हेरियन्स प्रिन्सिपल सिद्ध केलं, आणि त्यात के पैलूंची (इथे के म्हणजे पैलूंची संख्या, आधीचा स्वतंत्र नाण्यांचा के नव्हे) किंमत के नाही, लॉग के चा ८/५ वा घात एवढीच आहे. हर्षा आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असतात, हे मला वर्गात सांगायला फार आवडतं. मुलांना वाटतं असं गणित कुठेतरी सातासमुद्रापार होतं.

त्यांनी काय केलं? माझ्या समजुतीप्रमाणे तीन गोष्टी एकत्र बसवल्या. पहिली, कड मऊ करण्याची. हजार कडा एकेक घासल्या तर हजार चुका होतात. पण ‘हजारही अटी पाळल्या’ म्हणजे ‘हजार बेरजांतली सगळ्यात मोठी बेरीज मर्यादेत आहे’. एकच मोठा आकडा! त्या कमाल आकड्याला मऊ करणारं एक फलन गणितज्ञ बेंटकस यांनी आधीच बांधलेलं होतं, आणि त्याचे डेरिव्हेटिव्ह (बदलाचे दर) के च्या नव्हे, लॉग के च्या काही घातांच्या पटीत वाढतात.

दुसरी गोष्ट गणितज्ञ नाझारोव्ह यांची. के पैलूंच्या पॉलिटोपच्या कडेला चिकटून एक पातळ पट्टी काढली तर तिच्यात घंटेचं वजन, म्हणजे गॉसियन बिंदू तिथे पडायची शक्यता, किती सापडेल? वाटतं के पट. नाझारोव्ह सांगतात, √लॉग के पट. नॅचरल लॉग घेऊन आकडे टाका. हजार पैलूंना २.६, दहा लाख पैलूंना ३.७. पैलू हजारपटीने वाढले आणि हा आकडा दीडपटही झाला नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा गणित तपासलं होतं.

तिसरी गोष्ट अदलाबदलीची. एकेक नाणं बदललं तर हजार अटींतल्या सगळ्या मोठ्या वजनांची किंमत दरवेळी मोजावी लागते. त्यांनी नाणी आधी रँडमपणे डब्यांत टाकली आणि एकेक डबा बदलला. डब्यांत टाकण्यामुळे वजनं सगळ्या अटींसाठी एकदमच सारखी वाटली जातात.

आणि या डब्यांमुळेच जनरेटर हाती लागला. त्याच वर्षी मेका आणि झुकरमन यांनी हाफस्पेससाठी हाच आराखडा दिला होता: नाणी डब्यांत टाका, प्रत्येक डब्याच्या आत कुठलीही चार स्वतंत्र ठेवा, डबे एकमेकांपासून स्वतंत्र ठेवा. थोडा बदल केला की तोच रेग्युलर पॉलिटोपलाही फसवतो.

माझ्या विषयाशी थेट जोडलेला परिणाम म्हणजे कंटिन्जन्सी टेबल. ओळींच्या आणि रकान्यांच्या बेरजा दिल्या असताना किती तक्ते बनू शकतात, हे अंदाजे मोजायची कसलीही रँडम निवड न करणारी, क्वासी-पॉलिनॉमियल वेळात (बहुपदी वेळेपेक्षा थोड्याच जास्त) चालणारी पद्धत या कामातून पहिल्यांदा मिळाली. ओळी-रकान्यांच्या बेरजा म्हणजे रेषीय अटी, आणि तक्ते म्हणजे पॉलिटोपमधले पूर्णांक बिंदू.

सह्यकडा

√लॉग के कुठून आलं हे कोणी सोप्या भाषेत सांगेल का? हजार भिंती असूनही भिंतींजवळ गर्दी नाही, हे मनाला पटत नाही.

विदिशा_के

सह्यकडा, मी प्रयत्न करते. पुढचं गणित सिद्धता नाही, पण मला यातूनच कळलं.

घर मोकळं ठेवायचंय, म्हणजे घंटेचं निम्मं वजन आत राहिलं पाहिजे. भिंत एक असेल तर ती अगदी मध्यावरून गेली तरी चालते. भिंती हजार असतील तर प्रत्येकीला हजारातला एक हिस्सा कापता येतो, त्याहून फार जास्त नाही. मग प्रत्येक भिंतीला मध्यापासून दूर सरकावं लागतं, साधारण √(२ लॉग के) इतक्या अंतरावर. तिथे घंटा फार पातळ असते. भिंतीमागे १/के वजन उरलं तर भिंतीवरची घनता साधारण अंतर गुणिले १/के एवढी भरते. आता के भिंती मिळवा. के आणि १/के एकमेकांना खातात आणि उरतं ते फक्त अंतर, म्हणजे √(२ लॉग के).

थोडक्यात, भिंती जितक्या जास्त, तितकी प्रत्येक भिंत विरळ वस्तीत ढकलली जाते.

सह्यकडा

‘विरळ वस्तीत ढकलली जाते’ वाचलं आणि चित्रच डोळ्यांपुढे आलं. धन्यवाद.

मतमोजणी

निवडणुकीच्या कामावर असतो म्हणून विचारतो. काही मतं चुकीची वाचली गेली तर निकाल फिरायची शक्यता या गणितातून निघते का?

विदिशा_के

निघते, दोनच उमेदवार आणि प्रत्येक मत म्हणजे नाणेफेक, असं अगदी चुरशीचं चित्र धरलं तर. प्रत्येक मत स्वतंत्रपणे १ टक्का शक्यतेने उलटं वाचलं गेलं, तर मतदार खूप असताना बहुमताचा निकाल ६.४ टक्के वेळा फिरतो. १० टक्के चुका असतील तर २०.५ टक्के वेळा. हे आकडे घंटेच्या जगात एका कोनाच्या सूत्राने निघतात आणि इन्व्हेरियन्समुळे मतांच्या जगात उतरतात. कोणाचंच वजन फार नसलेल्या पद्धतींमध्ये बहुमतच सगळ्यात टिकाऊ असतं, हे मोसेल, ओ’डॉनेल आणि ओलेश्किएविच यांनी २००५ मध्ये सिद्ध केलं. तिथे त्यांनी हेच तत्त्व हाफस्पेसच्या पुढे, कमी डिग्रीच्या बहुपदींपर्यंत नेलं. तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

पॉलिटोपकडे परत येते, कारण ताईंच्या प्रतिसादात एक जागा मोकळी आहे. तिथे सगळं रेग्युलर पॉलिटोपबद्दल आहे. दत्ताकाकांचा ५१ टक्केवाला आला तर? एका हाफस्पेसमध्ये आपण मोठे बाजूला काढले. पॉलिटोपमध्ये प्रत्येक पैलूचे मोठे वेगळे असतात. हजार पैलूंचे मोठे एकदम बाजूला काढायला गेलं तर नाणीच उरायची नाहीत. ही अडचण नऊ वर्षं राहिली. २०१९ मध्ये ओ’डॉनेल, सर्व्हेडिओ आणि टॅन यांनी रेग्युलरची अट पूर्ण काढून टाकली. सीड लॉग एन गुणिले लॉग एम चा एक घात आणि १/एप्सिलॉनचा एक घात, एम म्हणजे पैलू. त्यासाठी त्यांना नाझारोव्हचं वाक्य घंटेच्या जगात नव्हे, थेट नाण्यांच्या जगात लागलं: नाण्यांची बेरीज कडेच्या पातळ पट्टीत किती वेळा सापडते? एका हाफस्पेससाठी हा लिटलवुड आणि ऑफर्ड यांचा १९४३ चा प्रश्न. सगळी वजनं किमान १ असतील तर लांबी २ च्या कुठल्याही खुल्या पट्ट्यात १०० नाण्यांची बेरीज जास्तीत जास्त ७.९६ टक्के वेळा पडते, हे एर्डोशनी १९४५ मध्ये दाखवलं. वर आलेला तोच आकडा! या तिघांनी त्याची पॉलिटोपसाठीची आवृत्ती सिद्ध केली.

दत्ताकाका

माझा शेवटचा प्रश्न, हिशेबनिसाचा. खरोखर किती नाणी वाचतात? आकडा द्या.

अनुपमा_स

काका, डब्यांच्या साध्या आराखड्याचा हिशेब मांडते. कुठलीही चार स्वतंत्र नाणी हवी असतील तर सांत क्षेत्रावरची (मोजकेच आकडे असलेली, बेरीज-गुणाकार चालणारी व्यवस्था) तीन घाताची बहुपदी घ्यायची, तिला चार सहगुणक. १०२४ नाण्यांसाठी प्रत्येक सहगुणक १० बिटचा, म्हणजे एका डब्याला ४० बिट. नाणी डब्यांत वाटायला दोन सहगुणक, २० बिट. डबे १२८ घेतले तर ४० गुणिले १२८ अधिक २०, एकूण ५१४० बिट. म्हणजे १०२४ नाण्यांसाठी हा सौदा तोट्याचा, सरळ नाणी उडवा.

आता नाणी १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ घ्या, म्हणजे २ चा २४ वा घात. सहगुणक २४ बिटचे, डब्याला ९६, वाटायला ४८. डबे तेच १२८, कारण ते चुकीवर ठरतात, नाण्यांवर नाही. ९६ गुणिले १२८ अधिक ४८, एकूण १२,३३६ बिट. पावणेदोन कोटी नाण्यांच्या जागी सव्वाबारा हजार.

मेका आणि झुकरमन इथेही थांबले नाहीत. बेरीज डब्यामागून डबा करताना लक्षात ठेवायचा असतो तो एकच आकडा, म्हणून डब्यांची सीडही कमी स्मरणशक्तीच्या प्रोग्रामला फसवणाऱ्या जनरेटरमधून काढता येतात. मग १२८ वेगळ्या सीडची गरज राहत नाही आणि लांबी लॉग एन अधिक लॉग (१/एप्सिलॉन) चा वर्ग, इतक्याच्या पटीत येते.

दत्ताकाका

१२,३३६ कागदावर स्वतः मांडून पाहिले, जुळले.